काळी यंत्रे, रंगीत बाया

ज्याँ टिंग्ली (१९२५–१९९१) हा स्विस शिल्पकार आणि निकी द सँ फाल (१९३०–२००२) ही फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार या जोडप्याने १९६० पासून टिंग्लीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, एकमेकांच्या सोबतीने काम केले. टिंग्लीचे माध्यम भंगाराचे. सायकलची चाके, पट्टे, कप्प्या, जुन्या मोटारी यांच्यातून तो खडखडणारी, थरथरणारी, कधी चित्रे काढणारी तर कधी स्वतःलाच मोडून टाकणारी यंत्रे उभी करी. सँ फालच्या बाया, राक्षस आणि पक्षी मात्र गुबगुबीत आणि भडक रंगांचे. वरवर पाहता दोघांच्या कामात काहीच सारखे नाही. तरी दोघांचीही सर्वांत गाजलेली प्रदर्शने एकत्र झाली, आणि त्या प्रदर्शनांनी संग्रहालयात येणाऱ्या माणसाची भूमिका बदलून टाकली. तोवर त्याने दोरीमागे उभे राहून पाहायचे एवढेच अपेक्षित असे. इथे त्याला बटण दाबायचे होते, यंत्राने फेकलेले चेंडू वेचून त्याला परत द्यायचे होते, शिल्पाच्या पोटात शिरायचे होते.

टिंग्लीचा जन्म फ्रिबूर्गचा, पण तो वाढला बाझेलमध्ये. लहानपणी जंगलातल्या ओढ्यावर छोटी पाणचाके बसवून त्यांच्या हातोड्यांनी डबे वाजवायचा त्याला नाद होता. प्रत्येक चाकाचा वेग वेगळा, प्रत्येकाचा ठेका वेगळा. पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्या ओढ्यावर सापडते. पोटासाठी तो दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवायला शिकला. चार वस्तू तारेने अधांतरी टांगून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचे, ही त्या धंद्यातली मुख्य कला, आणि ती त्याला जन्मभर पुरली. बाझेलच्या कलाशाळेत यूलिया रिस या शिक्षिकेने त्याला कलावंत कुर्ट श्विटर्सच्या कामाची आणि दादा या कलाचळवळीची ओळख करून दिली. १९५१ मध्ये त्याने एव्हा एप्ली या चित्रकर्तीशी लग्न केले आणि त्यानंतर लवकरच दोघे पॅरिसला आले.

पॅरिसमध्ये १९५४ साली आर्नो कलादालनात त्याचे पहिले प्रदर्शन भरले. त्यात तारेच्या नाजूक चाकांची शिल्पे होती. चाके एकमेकांत अडकत, फिरत, पण घड्याळातल्यासारखी चोख नाही. कारखान्यातल्या दातेरी चक्राचा दाता समोरच्या खाचेत नेमका बसावा लागतो. टिंग्ली मुद्दाम सैल जोडणी करी. दाता घसरे, एखादी फेरी हुके, चाक क्षणभर रेंगाळून पुन्हा निघे. त्यामुळे यंत्राची एकच हालचाल सहसा दोनदा जशीच्या तशी होत नसे. अभियांत्रिकीत जो दोष, तो इथे जिवंतपणाचा झरा झाला, आणि टिंग्लीचा खरा शोध हाच म्हटला पाहिजे. नुसती हलणारी शिल्पे त्याच्या आधीही होती. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, दनीज रने कलादालनात ‘ल मुव्हमाँ’, म्हणजे गती, याच विषयावर प्रदर्शन झाले. त्यात काल्डर आणि द्यूशाँ या ज्येष्ठांबरोबर आगाम, सोतो, ब्यूरी आणि टिंग्ली ही तरुण मंडळी होती. काल्डरची शिल्पे वाऱ्यावर डुलत. टिंग्लीची मोटारीवर चालत आणि आवाज करत.

१९५९ मध्ये त्याने ‘मेता-मातिक’ नावाची चित्रे काढणारी यंत्रे ईरिस क्लेर कलादालनात मांडली. रचना साधी होती. एक मोटार, काही चाके, आणि स्प्रिंगने थरथरणारा एक हात. हातात पेन किंवा खडू अडकवायचा, समोर कागद लावायचा. प्रेक्षकाने टोकन टाकले की हात कागदावर झटके देत, गिरक्या घेत धावू लागे. रंग कोणता आणि यंत्र थांबवायचे केव्हा, हे प्रेक्षक ठरवी. त्या काळात पॅरिसमध्ये उत्स्फूर्त फटकाऱ्यांच्या अमूर्त चित्रांचा बोलबाला होता. तसे चित्र एका टोकनात कोणालाही काढता येते, असे दाखवणे म्हणजे चित्रकारांची खोडी काढणे होतेच. पण नुसती खोडी एवढी टिकली नसती. लोकांना ओढ होती ती यंत्राबरोबर काही तरी करायला मिळण्याची. त्याच वर्षी पॅरिसच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ‘मेता-मातिक क्र. १७’ उघड्यावर उभे राहिले. ते पेट्रोलच्या इंजिनावर चाले, धूर एका मोठ्या फुग्यात साठवी, वर फुलांचा सुवासही सोडी. त्या यंत्राने तिथे सुमारे ४० हजार चित्रे काढली असे सांगितले जाते.

१७ मार्च १९६० च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत त्याने ‘न्यूयॉर्कला मानवंदना’ हे यंत्र चालू केले. भंगारातून आणलेली सायकलची चाके, एक जुना पियानो, बाथटब, मोटारी, असा सगळा पसारा पांढऱ्या रंगात रंगवला होता. यंत्राने स्वतःची मोडतोड करून संपायचे होते. बेल लॅब्जमधला अभियंता बिली क्लूवर याने जोडणीला मदत केली आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने नाणी उधळणारे एक छोटे उपकरण त्यात दिले. ठरल्याप्रमाणे सगळे झाले नाही. काही भाग चाललेच नाहीत, पियानो पेटला, आणि अखेर अग्निशामक दलाच्या जवानाला पुढे यावे लागले. हा प्रकार २७ मिनिटे चालला. उरलेले तुकडे लोकांनी आठवण म्हणून घरी नेले. युद्धानंतरच्या त्या वर्षांत यंत्र म्हणजे प्रगती हे समीकरण पक्के झालेले होते. उत्पादन न करणारे, टिकायचे नाकारणारे यंत्र पाहून प्रेक्षक हसले, आणि थोडे अस्वस्थही झाले.

निकी द सँ फालची वाट निराळी. पॅरिसजवळच्या नयी गावी एका जुन्या उमराव घराण्यात तिचा जन्म झाला आणि बालपण बहुतांशी न्यूयॉर्कमध्ये गेले. तरुणपणी ती ‘व्होग’सारख्या मासिकांसाठी मॉडेल होती. अठराव्या वर्षी तिने घरच्यांच्या नकळत हॅरी मॅथ्यूज या पुढे लेखक झालेल्या तरुणाशी लग्न केले. त्यांना दोन मुले झाली. १९५३ मध्ये नीस इथे तिला मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहावे लागले आणि तिथेच ती चित्रे काढू लागली. वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांनी आपल्यावर अत्याचार केला होता, हे तिने १९९४ मध्ये ‘मों सक्रे’ या छोट्या पुस्तकात जगासमोर मांडले. तिच्या कामातला आनंद सहजासहजी आलेला नाही. तो तिने मिळवला, आणि राग पूर्णपणे बाहेर काढल्यावरच मिळवला. बार्सिलोनात पाहिलेली वास्तुकार गाउदीची ग्वेल बाग तिच्या मनात घर करून राहिली. फुटक्या फरशांच्या तुकड्यांनी मढवलेली, लोकांना वावरता येईल अशी आपलीही एक बाग असावी, ही इच्छा तेव्हापासूनची.

पॅरिसच्या आंपास रोंसँ या बोळात स्टुडिओंची दाटी होती. गळकी छपरे, अंगणात चिखल आणि लोखंडाचे ढीग असा तो पत्ता. म्हातारा शिल्पकार ब्रांकुशी याच बोळात काम करी आणि १९५५ पासून टिंग्लीचाही स्टुडिओ तिथे होता. १९५६ च्या सुमारास सँ फालची एप्ली आणि टिंग्ली यांच्याशी ओळख झाली. आपल्या पहिल्या शिल्पासाठी तिला आतून आधार देणारा लोखंडी सांगाडा हवा होता. तो टिंग्लीने वेल्डिंग करून दिला आणि तिने त्यावर प्लॅस्टर चढवले. या छोट्या देवघेवीकडे नीट पाहिले पाहिजे. पुढची तीन दशके तिच्या रंगीत कातडीखाली बहुतेक वेळा त्याचे लोखंड राहिले. या जोडप्याला ‘यंत्रवाला आणि रंगवाली’ म्हणून शेजारी शेजारी उभे केले जाते, पण त्यांची कामे शेजारी नाहीत, एकमेकांच्या आत आहेत. १९६० मध्ये दोघांचीही पहिली लग्ने मोडली होती आणि ती त्या बोळात राहायला आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समीक्षक प्येर रेस्तानीने ‘नूव्हो रेआलिझ्म’, म्हणजे नवा वास्तववाद, या गटाची स्थापना केली. टिंग्ली संस्थापकांत होता, सँ फाल नंतर सामील झाली.

१२ फेब्रुवारी १९६१ ला त्या बोळात तिने पहिले गोळीबार-चित्र केले. लाकडी फळीवर रंगाच्या पिशव्या आणि नाना वस्तू बसवून त्यावर पांढऱ्या प्लॅस्टरचा थर दिलेला. जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवरून बंदूक आणलेली. गोळी लागली की प्लॅस्टर फुटे आणि आतला रंग ओघळत खाली येई. त्या उन्हाळ्यात ‘झी’ कलादालनात तिने प्रेक्षकांच्याच हाती बंदूक दिली. बाप, चर्च, राजकारणी, एकूण पुरुषसत्ता या सगळ्यांवर त्या गोळ्या होत्या. सुमारे दोन वर्षांनी तिने ते थांबवले. यंत्राला चित्र काढू देणारा टिंग्ली आणि गोळीला चित्र काढू देणारी सँ फाल इथे अगदी जवळ आले होते. चित्र पुरे करण्याचे काम दोघेही पाहणाऱ्याकडे सोपवत होते.

या दोघांच्या इतिहासात पाँतुस हुल्तेन या स्वीडिश संग्रहालयप्रमुखाला वगळून चालत नाही. टिंग्लीची आणि त्याची ओळख १९५४ पासूनची. स्टॉकहोमच्या स्केप्सहोल्मेन बेटावर नौदलाच्या जुन्या कवायतघरात १९५८ मध्ये मॉडेर्ना म्युझीत हे संग्रहालय सुरू झाले आणि हुल्तेनने त्याला युरोपातल्या सर्वांत धाडसी संग्रहालयांत नेऊन बसवले. १९६१ मध्ये त्याने आणि कलावंत दानियेल स्पोरीने गतीच्या कलेचे मोठे प्रदर्शन जुळवले. अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात, मग स्टॉकहोमला, मग डेन्मार्कच्या लुइझियाना संग्रहालयात ते फिरले. टिंग्लीची यंत्रे त्यात जागोजागी होती. मुले घेऊन लोक आले, बटणे दाबली गेली, यंत्रे बंद पडली, दुरुस्त झाली. हुल्तेनला त्यातून कळले की संग्रहालय गोंगाट सहन करू शकते.

१९६५ मध्ये सँ फालच्या ‘नाना’ आल्या. नाना हा फ्रेंच बोलीत तरुण बाईसाठीचा मोकळाढाकळा शब्द. मैत्रीण क्लॅरिस रिव्हर्स गरोदर होती, तिच्या वाढत्या अंगावरून या बायांची कल्पना सुचली. आधीच्या नाना तारेची जाळी, लोकर, कापड आणि कागदाच्या लगद्याच्या होत्या. नंतरच्या पॉलिएस्टरच्या, म्हणजे उन्हापावसात बाहेर ठेवता येणाऱ्या. डोके बारके, मांड्या प्रचंड, एक पाय हवेत. त्या वजनदार आहेत आणि नाचतात. बाईच्या देहाकडे पाहण्याची युरोपीय शिल्पाची शतकांची सवय, ती निजलेली, नाजूक, पाहिली जाणारी, या बायांनी झिडकारली. त्या कोणाकडे पाहायला थांबत नाहीत.

त्यानंतरच्या वर्षी हुल्तेनने सँ फाल, टिंग्ली आणि फिनलंडमध्ये जन्मलेला स्वीडिश शिल्पकार पेर उलोफ उल्त्वेद्त यांना स्टॉकहोमला बोलावले. आराखडा ठरलेला नव्हता, एकत्र येऊन काही तरी मोठे करायचे एवढेच ठरले होते. पहिल्या चर्चांतून काही जमेना. अखेर हुल्तेननेच सुचवले की आत शिरता येईल अशी प्रचंड नाना उभारावी. तीच ‘हॉन – एन कातेद्राल’. हॉन म्हणजे स्वीडिशमध्ये ‘ती’, आणि दुसरा भाग ‘एक कॅथीड्रल’. पडद्याआड सुमारे सहा आठवडे काम चालले. बाहेर कोणाला काही कळू दिले नाही. लोखंडी नळ्यांचा सांगाडा टिंग्लीने जोडला, त्यावर तारेची जाळी, आणि जाळीवर गरम सरसात बुडवलेल्या कापडाचे थर. त्या सरसाचा वास सगळ्या इमारतीत भरून राहिला. वर पांढरा रंग, त्यावर सँ फालचे रंगीत पट्टे आणि नक्षी. संग्रहालयाच्या खाणावळीत काम करणारा रिको वेबर हा स्विस तरुण हाताखाली आला आणि पुढे कित्येक वर्षे दोघांचा सहायक राहिला.

जून १९६६ मध्ये पडदा निघाला तेव्हा दालनात २८ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच गरोदर बाई उताणी पडलेली होती. आत जायची वाट तिच्या दोन पायांमधून होती. गर्दी आवरण्यासाठी तिथे रहदारीचे लाल-हिरवे दिवे लावले होते. आत गेल्यावर पोटात सोनेरी माशांचे तळे, एका स्तनात दुधाचा बार, दुसऱ्यात टिंग्लीने केलेले तारांगण. एका पायात बनावट चित्रांचे दालन होते. थोर चित्रकारांच्या शैलीतली ती चित्रे समीक्षक उल्फ लिंडेने रंगवली होती. एका हातात छोटे चित्रपटगृह, त्यात ग्रेटा गार्बोचा सुरुवातीचा मूकपट. उल्त्वेद्तची लाकडी यंत्रे आत हलत होती, टिंग्लीचे एक यंत्र बारमधल्या रिकाम्या बाटल्यांचा चुरा करत होते. मुलांसाठी घसरगुंडी होती. प्रेमिकांसाठी बाक होता आणि त्या बाकाखाली लपवलेला मायक्रोफोन तिथली कुजबुज बारमध्ये ऐकवी. जिन्याने चढून पोटावरच्या गच्चीत गेले की सगळे दालन खाली दिसे.

पहिल्या दिवसांत वर्तमानपत्रांना काय लिहावे ते सुचेना. सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रदर्शन मिटेपर्यंत मात्र सुमारे ८० हजार लोक त्या वाटेने आत जाऊन आले होते. म्हाताऱ्या जोडप्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे त्यांत होते, आणि अश्लीलतेचा जो गदारोळ उठेल अशी भीती होती तो उठला नाही. याचे श्रेय रचनेला द्यायला हवे. बाहेरून जे धक्कादायक वाटे, ते आत शिरताच घर होई. बाहेर तिचा देह, आत टिंग्ली आणि उल्त्वेद्तची यंत्रे, आणि दोन्ही मिळून एकच शिल्प. या जोडप्याचे सर्वांत पूर्ण काम हेच. प्रदर्शन संपल्यावर ‘हॉन’ मोडून टाकण्यात आली. तिचे डोके तेवढे संग्रहालयाने ठेवून घेतले. मोडणे हे त्या कामाच्या मूळ योजनेतच होते आणि टिंग्लीला त्याचे दुःख असण्याचे कारण नव्हते.

पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनासाठी, एक्स्पो ६७ साठी, दोघांकडे काम मागितले. फ्रेंच मंडपाच्या गच्चीवर त्यांनी ‘ल पारादी फाँतास्तिक’, म्हणजे अद्भुत स्वर्ग, उभा केला. सँ फालची नऊ शिल्पे आणि टिंग्लीची सहा यंत्रे. पण नुसती मांडणी नाही, हल्ला होता. टिंग्लीची काळी यंत्रे नानांवर आणि रंगीत प्राण्यांवर चालून येत, टोचत, ढकलत. नाना ढिम्म हलत नव्हत्या. १९६३ पासून टिंग्ली आपली यंत्रे सरसकट मॅट काळ्या रंगाने रंगवू लागला होता. भंगाराच्या तुकड्यांचे मूळ रूप त्यामुळे पुसले जाई आणि हालचाल तेवढी उरे. इथे त्या काळ्यासमोर पिवळे, निळे, गुलाबी असे रंग उभे राहिले आणि एकाने दुसऱ्याला उठाव दिला. दोघांच्या नात्यातले प्रेम आणि भांडण दोन्ही लोकांनी यात वाचले, आणि दोघांनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

ही शिल्पे नंतर अमेरिकेत बफेलोच्या कलादालनाकडे आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गेली. १९७१ पासून ती स्टॉकहोमला मॉडेर्ना म्युझीतच्या बाहेर, स्केप्सहोल्मेनवर उभी आहेत. उत्तरेचा हिवाळा पॉलिएस्टरला आणि मोटारींना मानवणारा नाही, म्हणून त्यांची सतत डागडुजी करावी लागते. त्याच काळातले टिंग्लीचे ‘रोटोझाझा क्र. १’ (१९६७) हे यंत्र चेंडू बाहेर फेके. प्रेक्षकांनी, त्यातही मुलांनी, ते धावत जाऊन आणायचे आणि यंत्राच्या तोंडात पुन्हा घालायचे. माल तयार होताच तो परत गिळणारा हा कारखाना म्हणजे उपभोगाच्या काळावरचे टिंग्लीचे स्पष्ट मत होते. मुलांना ते मत समजावून सांगावे लागत नसे.

१३ जुलै १९७१ ला दोघांनी कायदेशीर लग्न केले. खरे तर एकत्र राहण्याची वर्षे तोवर सरत आली होती आणि दोघांची आयुष्ये पुढे वेगळ्या माणसांबरोबर गेली. कामाची भागीदारी मात्र तुटली नाही. उलट आता ती दालनाबाहेर, मोकळ्या जागेत आली. जेरुसलेमच्या किर्यात हायोवेल वस्तीतल्या बागेत १९७२ मध्ये सँ फालचा ‘गोलेम’ पूर्ण झाला. हा काळ्यापांढऱ्या रंगाचा राक्षस असून त्याच्या तोंडातून निघणाऱ्या तीन लाल जिभा म्हणजे घसरगुंड्या. बांधकामात टिंग्ली तिच्या हाताशी होता. मुले घाबरतील म्हणून आराखड्याला आधी विरोध झाला. भीती वाटणाऱ्या वस्तूशी खेळूनच मुले भीतीवर मात करतात, असे सँ फालचे म्हणणे होते. महापौर टेडी कोलेक पाठीशी राहिले आणि राक्षस उभा राहिला. वस्तीतल्या पिढ्या त्याच्या जिभांवरून घसरत मोठ्या झाल्या.

पॅरिसच्या दक्षिणेला मिली-ला-फोरेच्या जंगलात टिंग्लीने १९६९ पासून ‘ल सिक्लोप’ उभारायला घेतले. परवानगी नाही, गिऱ्हाईक नाही, मित्रांची टोळी तेवढी. बर्नहार्ड लुगिनब्यूल, रिको वेबर, सेप इम्होफ अशी स्विस मंडळी लोखंड जोडत होती. साडेबावीस मीटर उंच आणि ३५० टन वजनाचे हे एकाक्ष डोके आत पोकळ आहे. जिने, छोटे नाट्यगृह, चाकांची प्रचंड यंत्रे आणि रुळांवरून घरंगळणारे गोळे त्यात आहेत. वर लटकवलेल्या रेल्वेच्या डब्यात एप्लीने नाझी छळछावण्यांकडे नेलेल्या लोकांचे स्मारक केले. खेळ आणि मृत्यू टिंग्लीने कधीच वेगळे मानले नाहीत. चेहरा सँ फालने आरशांच्या तुकड्यांनी मढवला. १९८७ मध्ये ते फ्रेंच राष्ट्राला दान करण्यात आले, पण लोकांसाठी खुले व्हायला १९९४ उजाडले. तोवर टिंग्ली नव्हता.

दरम्यान हुल्तेन पॅरिसच्या नव्या पाँपिदू केंद्रातल्या कलासंग्रहालयाचा पहिला प्रमुख झाला होता. १९७७ मध्ये केंद्र उघडले, आणि तळमजल्याच्या भव्य प्रांगणात त्याने पुन्हा याच मंडळींना जागा दिली. टिंग्ली, सँ फाल, लुगिनब्यूल आणि स्पोरी यांनी मिळून ‘क्रोक्रोद्रोम’ हा सुमारे ३० मीटर लांबीचा मगरीसारखा प्राणी लोकांच्या डोळ्यांदेखत बांधला. त्याच्या आत भुताची रेल्वेगाडी होती. स्टॉकहोमला जे पडद्याआड झाले, ते इथे उघड्यावर झाले. बांधणे हाच आता प्रयोगाचा भाग होता.

केंद्राच्या शेजारचे स्त्राविन्स्की कारंजे (१९८३) हे त्यांचे सर्वाधिक पाहिले गेलेले काम. संगीतकार प्येर बूलेझने टिंग्लीचे नाव सुचवले होते, आणि सँ फालला सोबत घ्यावे असा टिंग्लीचा आग्रह होता. हौदाच्या खाली बूलेझच्या संगीत-संशोधन संस्थेची दालने आहेत, त्यामुळे हौद उथळ आणि शिल्पे हलकी ठेवणे भाग होते. या अडचणीनेच कामाचे रूप ठरवले. टिंग्लीची यंत्रे सडपातळ झाली, सँ फालच्या आकृती पोकळ प्लॅस्टिकच्या झाल्या. अग्निपक्षी, हत्ती, साप, जलपरी, बेडूक, कोल्हा अशा सोळा आकृती स्त्राविन्स्कीच्या संगीतावरून सुचलेल्या. त्यांतल्या बहुतेक फिरतात आणि पाणी उडवतात. टिंग्लीच्या काळ्या सूरचिन्हातून निघालेली धार आणि जलपरीच्या छातीतून उडणारी धार हौदावर एकमेकींना छेदत जातात. ‘पारादी’मधला हल्ला इथे उरलेला नाही. कोणाची आकृती कोणती हे रंगावरून लगेच कळते, पण कारंजे एकाच हाताचे वाटते.

इटलीत तोस्कानाच्या कापाल्ब्यो गावाजवळ गाराविक्यो इथे सँ फालने आपली बाग १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. टॅरोच्या पत्त्यांतल्या २२ मुख्य पत्त्यांच्या आकृती, काही घराएवढ्या. त्यांचे लोखंडी सांगाडे टिंग्लीने आणि त्याच्या माणसांनी वेल्डिंग करून उभे केले. मग जाळी, सिमेंट, आणि वर आरसे व भाजलेल्या फरशांचे तुकडे. पैशासाठी तिने १९८२ मध्ये स्वतःच्या नावाचे अत्तर बाजारात आणले. ‘सम्राज्ञी’ या शिल्पाच्या आत ती कित्येक वर्षे राहिली. त्या घराचा एक स्तन म्हणजे तिची झोपायची खोली आणि दुसरा स्वयंपाकघर. ‘हॉन’मध्ये लोकांना जे उन्हाळाभर दिले, तेच तिने इथे स्वतःसाठी कायमचे बांधले. वर्षानुवर्षे पॉलिएस्टरची धूळ आणि वाफ श्वासात गेल्याने तिची फुप्फुसे खराब झाली होती, तरी काम थांबले नाही. १५ मे १९९८ ला बाग लोकांसाठी उघडली.

टिंग्ली ३० ऑगस्ट १९९१ ला बर्न इथे वारला. फ्रिबूर्गमधल्या त्याच्या अंत्ययात्रेत ‘क्लामाउक’ हे ट्रॅक्टरवर बसवलेले त्याचे यंत्र घंटा वाजवत, धूर सोडत चालले. सँ फालने त्यानंतर पहिल्यांदाच स्वतः यंत्र हाती घेतले. तिच्या १९९० च्या दशकातल्या ‘फुटणाऱ्या चित्रां’त माणूस जवळ आला की मोटार चालू होते, चित्राचे तुकडे एकमेकांपासून दूर सरकतात आणि थोड्या वेळाने पुन्हा जागेवर येतात. या कामांना तिने ‘मेता-टिंग्ली’ असेही म्हटले. तीस वर्षे जे लोखंड तिच्या शिल्पांत लपून होते, ते आता हालचाल होऊन बाहेर आले.

पत्नी म्हणून तिच्याकडे आलेली टिंग्लीची ५५ शिल्पे तिने बाझेलला दिली. वास्तुकार मारिओ बोताने बांधलेले टिंग्ली संग्रहालय तिथे ऱ्हाइनकाठी ३ ऑक्टोबर १९९६ ला सुरू झाले. चालती शिल्पे जपणे हा अशा संग्रहालयांचा रोजचा प्रश्न आहे. मोटार बंद ठेवली तर शिल्प मरते, सतत चालवली तर झिजून मरते. बाझेलला यावर तोडगा असा की जमिनीवर बटण असते. प्रेक्षकाने ते पायाने दाबले की यंत्र थोडा वेळ चालते आणि मग ठरावीक वेळ विश्रांती घेते. घाईने आलेल्याला वाट पाहावी लागते. झिजलेला पट्टा नवा घालायचा की टिंग्लीच्या हातचा ठेवायचा, मोटार बदलली तर खडखडाट तसाच राहील का, हे प्रश्न दुरुस्ती करणाऱ्यांना प्रत्येक यंत्रापाशी नव्याने सोडवावे लागतात. आवाज बदलला तर शिल्पही बदलले, हे तिथे गृहीत आहे.

सँ फाल २००२ मध्ये कॅलिफोर्नियात वारली. त्याआधी २००० मध्ये तिने हॅनोव्हरच्या स्प्रेंगेल संग्रहालयाला चारशेहून अधिक कामे दिली होती. १९७४ मध्ये याच शहरात तिच्या नाना रस्त्यावर उभ्या राहिल्या तेव्हा नागरिकांनी जोरदार निदर्शने केली होती. आता त्या शहराची ओळख आहेत. फ्रिबूर्गमध्ये दोघांच्या नावाचे एकत्र दालन १९९८ पासून आहे. ‘सिक्लोप’ मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये आणि स्त्राविन्स्की कारंजे २०२३ मध्ये पुन्हा चालू झाले. टिंग्लीच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, पॅरिसच्या ग्राँ पालेत दोघांचे एकत्रित प्रदर्शन उघडले. त्याच्या शीर्षकात सँ फाल आणि टिंग्ली यांच्या जोडीने पाँतुस हुल्तेनचेही नाव होते.